आईने निवडलेला स्कॅनर

आई,

आधी हे कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. रेडिओचा स्कॅनर निवडण्यात तुझंच बरोबर होतं. मी तुझ्या दोन्ही खेपांना वाद घातला, माहितीपत्रकं दाखवली, फिजिक्सची एम.एस्सी. पुढे केली. तू मान हलवायचीस आणि तो घासलेला, कोपरा उडालेला डबा मांडीवर घेऊन बसायचीस. आता तू नाहीस आणि एकटीने वाद घालता येत नाही. म्हणून मी हरले, असं लिहून देते.

तुला जाऊन महिना होत आला. गावाकडचं सगळं उरकून मी जर्मनीत, येनाला परत आले. इन्स्टिट्यूटमध्ये लोक हात हातात घेऊन 'माइन बायलाइड' म्हणून सांत्वन करतात, मी 'डांके' म्हणते आणि प्रयोगाच्या टेबलाशी जाऊन बसते. काचा पुसते, लेझर लावते. दुपारी घरी फोन करायची वेळ झाली की उठते, आणि मग बसते.

तू पहिल्यांदा आलीस तो फुटबॉलच्या वर्ल्डकपचा उन्हाळा होता. गाड्यांवर झेंडे, रस्त्यात आरडाओरडा. तुझा व्हिसा नव्वद दिवसांचा, माझी वोनुंग, म्हणजे फ्लॅट, एका खोलीची, चौथ्या मजल्यावर. मी सकाळी आठला जायची आणि संध्याकाळी यायची. तू दोन दिवस टीव्ही पाहिलास आणि बंद केलास. "ही माणसं भांडत्यात का बातम्या देत्यात, कळंना," म्हणालीस. चौथ्या दिवशी मी दार उघडलं तर तू खिडकीशी उभी.

"शोभे, समोरच्या छपरावर खांब बघ. तिथं सेट हाय."

"टीव्हीचा अँटेना असेल गं."

"टीव्हीचा असा असतोय व्हय? सरळ उभा, वर काही न्हाई. आपल्या ठाण्यावर होता तसाच."

आपलं ठाणं तुला सांगायला नको, पण हे वाचणाऱ्यांना सांगायला हवं. वारणेच्या काठावर नदीची पातळी मोजायचं छोटं ठाणं होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथे मोजणीदार. दोन खोल्या; एकीत आपण, एकीत वायरलेसचा सेट. पावसाळ्यात दर तासाला पाणी किती चढलं ते कंट्रोल रूमला कळवायचं. अण्णांना दमा. हवा ओली झाली की त्यांना सेटसमोर सलग दोन वाक्यं बोलता यायची नाहीत. मग ते काठावर जाऊन आकडा आणायचे आणि बोलायचीस तू. असे बारा पावसाळे. वहीत सही अण्णांची, आवाज तुझा. पलीकडचा माणूस तुला ठाण्याच्या नावाने हाक मारायचा आणि तू त्याला 'कंट्रोल' म्हणायचीस. बारा वर्षांत त्याने तुझं नाव विचारलं नाही आणि तू त्याचं नाही. सातवी शिकलेली बाई सरकारी सेटवर बोलते, हे खात्यात कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी विचारलं, "परत बोलावंसं वाटतं का?" तू म्हणालीस, "बोलायचं कशाला? माणसं हायती का अजून सेटवर, एवढं ऐकायचंय."

मग मी तेच केलं जे आपली माणसं करतात. अमेरिकेतून कुणी निघालंय असं कळलं की आपल्याकडे यादी तयार होते. न्यू जर्सीचा मावसभाऊ राजू फ्रँकफर्टवरून पुढे जाणार होता. मी त्याला सांगितलं, "हातात धरायचा डिजिटल स्कॅनर आण, सगळ्यात नवा." जगाला भिंगं पुरवणाऱ्या गावात मी राहते, समोरच्याच छपराखाली सेटवाला बसलाय, आणि मी यंत्र मागवलं समुद्रापलीकडून. खोक्यावर 'डिजिटल' हा शब्द तीनदा छापलेला होता. मला केवढा अभिमान. चार्जर एकशेदहा व्होल्टचा. मी भिंतीत खुपसला आणि पाच मिनिटांत खोलीभर वास. तू उठून खिडकी उघडलीस.

सेलवर मात्र तो चालला. हा असा स्कॅनर म्हणजे नुसता ऐकणारा सेट. बोलायचं बटण नाही. एकामागून एक वाहिन्या चाचपत जातो आणि जिथे कुणी बोलत असेल तिथे थांबतो. पण त्यातली जी डिजिटल करामत होती, ती अमेरिकेतल्या पोलिसांच्या भाषेसाठी. येनाचे हौशी रेडिओवाले साधे, जुन्या पद्धतीने बोलत होते. ज्या गुणासाठी मी तो मागवला, तो इथे कुणाच्याच कामाचा नव्हता.

रविवारी सकाळी दहाला त्यांची फेरी भरते, एक जण सुरू करतो आणि बाकीचे पाळीपाळीने बोलतात. आपण दोघी स्वयंपाकघरात बसलो. आवाज आले, पण सगळे नाकात बोलल्यासारखे.

"ह्यो बाजूला बसलाय," तू म्हणालीस.

"कोण?"

"तुझा सेट. माणूस एकीकडं बोलतोय, ह्यो दुसरीकडं ऐकतोय. सरकव."

मी बटण दाबलं. आवाज तितकाच वाईट.

"आता पलीकडं गेला. मधी थांबव की."

"मध्ये थांबत नाही आई, पायऱ्या ठरलेल्या असतात. स्पीकर लहान आहे म्हणून तसं वाटतंय."

"मला नगं सांगू," म्हणालीस आणि भाकरी उलटलीस.

फेरी संपल्यावर मी कागद घेऊन बसले. इथल्या वाहिन्यांमधलं अंतर साडेबारा किलोहर्ट्झ, अमेरिकेच्या यंत्राची उडी पाच किलोहर्ट्झची. त्यांची वाहिनी नेमकी दोन पायऱ्यांच्या मध्ये पडत होती, अडीच अलीकडे किंवा अडीच पलीकडे. मला कळायला कागद लागला आणि तुला भाकरी थापता थापता कळलं होतं. आपल्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली मी, हे मी पुण्यापासून येनापर्यंत सगळ्यांना सांगत आले, आणि अजूनही सांगीन. पण त्या दिवसापासून 'घरातली पहिली शिकलेली' असं म्हणणं मी सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी तू शंकरपाळ्यांचा डबा घेऊन माझ्याआधी जिना उतरलीस. समोरच्या घरातल्या हेर, म्हणजे श्रीयुत, वेंडलरनी दार उघडलं. जन्मभर भिंगं घासून निवृत्त झालेला, पाठीत वाकलेला माणूस. तू अमेरिकन स्कॅनर दाखवलास, मग बोट वर करून त्यांच्या छपराकडे. "आल्झो," म्हणजे 'असं होय', ते म्हणाले आणि आपल्याला थेट माळ्यावर घेऊन गेले. तिथे त्यांनी मला कायदा सांगितला आणि मी तुला. स्कॅनर बाळगायला इथे बंदी नाही, पण ऐकायचं फक्त जे सगळ्यांसाठी आहे ते: रेडिओ केंद्रं आणि ही हौशी मंडळी. पोलीस, रुग्णवाहिका ऐकायची नाही. तू मान हलवलीस, "बरोबर हाय."

त्याच महिन्यात ते आपल्याला एका शाळेच्या व्यायामशाळेतल्या फ्लोमार्क्टला घेऊन गेले. जुन्या सेटांचा बाजार. टेबलं, वायरी, आणि सगळे पुरुष. तुझं नऊवारी आत शिरलं तसे ते जरा बाजूला सरले. मी एका चकचकीत यंत्रापाशी थांबले, रंगीत पडदा, हजार वाहिन्या साठवायची सोय.

"हजार घरं कुणाला?" तू म्हणालीस. "मी पाच माणसांचं ऐकणार."

"पुढेमागे लागतील."

"पुढंमागं लागतील म्हणून तू पाचशे भांडी घेतीस का?"

आणि मग तू निवडायला लागलीस. एकेक यंत्र हातात घ्यायचीस आणि डोळे मिटायचीस. अंगठ्याने आवाजाची कळ शोधायचीस, मग स्क्वेल्चची, म्हणजे कुणी बोलत नसताना खरखर दाबून ठेवणारी. ज्यात ती बटणांच्या मागे, तीन दाबांच्या खोलीवर लपलेली, ते यंत्र परत. "वारा सुटला, लांबचा माणूस बारीक झाला, तर काय यादी वाचत बसू?" अँटेना पिळून काढून पाहिलास, चिकटवलेला असला की यंत्र परत. सेलचं झाकण नखाने उघडून पाहिलंस, आत साधे सेल बसतात का ते. मग खरखर पूर्ण सोडायचीस आणि कळ हळूहळू फिरवत ती जिथे जेमतेम मरते तिथे थांबवायचीस. "हितं ठेवायची. आणखी फिरवली की बारका आवाज बी मरतो."

टेबलामागचा मिशीवाला विक्रेता मला इंग्रजीत पडद्याविषयी सांगत होता. त्याने सांगणं थांबवलं आणि तुझ्या अंगठ्याकडे बघायला लागला. वेंडलर माझ्या कानाशी म्हणाले, "तुमच्या आईने हे काम केलेलं आहे." मी म्हणाले, "थोडंफार." हे थोडंफार मी का म्हणाले, आई, त्यावर पुढे येते.

तू निवडलास तो सगळ्यात ओबडधोबड. दोन कळा वर, बटणं चुकून दाबली जाऊ नयेत म्हणून एक कुलपाचा खटका, पायऱ्या साडेबाराच्या. येनाची रविवारची फेरी त्यावर पहिल्यांदा लावली तेव्हा माणूस टेबलापलीकडे बसून बोलतोय असं वाटलं.

वापरायचं कसं, हेही तूच शिकवलंस. मी लगेच शोध सुरू करून वाहिन्यांवरून धावत सुटायची. तू हात धरायचीस. "आधी एका जागी बस. तिथली माणसं वळखीची होऊ देत, मग हिंड." अँटेना उभा धरायचा, लोखंडी पलंगापासून लांब. आवाज कमी झाला तर कळीला हात लावायच्या आधी दोन पावलं सरकायचं. तीन रविवारांत तू पाच जणांना ओळखायला लागलीस, भाषा न येता. त्यांना नावं ठेवलीस: खोकल्या, मास्तर, हसरा, सावकाश, आणि वेंडलर म्हणजे छपरावाला. जर्मन आकडे तू त्यांच्याकडूनच शिकलीस; एकमेकांचा आवाज कसा येतो ते ही मंडळी आकड्यांत सांगतात, पाच-नऊ म्हणजे उत्तम. माझे सहकारी वर्षभर क्लासला जाऊन जे अडखळत म्हणायचे ते तू डाळ निवडता निवडता म्हणायचीस, "फ्युन्फ, नॉयन, चांगला येतोय हसरा."

आणि मग तो दिवस. शोध चालू असताना यंत्र एका अनोळखी वाहिनीवर थांबलं. घाईतला आवाज, रस्त्याचं नाव, मागे सायरन. रुग्णवाहिका. मी कान टवकारले. तू झटक्यात ती वाहिनी वगळायचं बटण दाबलंस.

"अगं, ऐकू दे की. आपल्या गल्लीचं नाव घेतलं त्याने. कुणाला कळणार आहे?"

"कुणाला कळंल हा प्रश्नच न्हाई. त्यानं मला हाक मारलीय का?"

"तू फार कायद्याची. मग ठाण्यावर बारा वर्षं कुणाच्या परवान्याने बोलत होतीस?"

जीभ चालते माझी, तुला माहीत आहे. हे वाक्य बाहेर पडलं आणि तू डाळीचं ताट उचलून ओट्याशी गेलीस. दोन दिवस तू माझ्याशी जेवणापुरतं बोललीस. तिसऱ्या दिवशी मी बूट घालत होते तेव्हा मागून म्हणालीस, "तू म्हणतीस ते खरं हाय. दुसऱ्याच्या नावावर बोलले. पण आकडा एक बी खोटा सांगितला न्हाई." मला बस गाठायची होती. मी 'हो' म्हणाले आणि पळाले. माफी मागायची राहिली ती राहिलीच. ती इथे मागते.

वेंडलरना आपलं भांडण माहीत नव्हतं, पण त्यांनीच त्यावर उपाय काढला. नुसतं ऐकणारे लोकही या मंडळींना कळवतात, अमुक दिवशी अमुक वेळी तुम्हाला ऐकलं, आवाज असा असा होता. ती मंडळी उत्तरादाखल छापील कार्ड पाठवतात. क्लब ऐकणाऱ्याला एक क्रमांकही देतो. तू सांगायचीस, मी लिहायची. पहिल्याच पत्रावर मी सवयीने अण्णांची आद्याक्षरं टाकली, ठाण्याच्या वहीत असायची तशी. तू कागदावर बोट ठेवलंस.

"हे काय लिवलंस?"

"नाव."

"कुणाचं?"

मी ते खोडलं. तू म्हणालीस, "माझं घाल. हिराबाई."

पहिलं कार्ड आलं ते सावकाशचं. थुरिंगियाच्या जंगलाचं चित्र, मागे थरथरत्या अक्षरात, प्रिय हिराबाई, तुमच्या नेमक्या अहवालाबद्दल आभार. ते 'नेमक्या' तू मला तीनदा वाचायला लावलंस. गावी गेल्यावर फोनवरही विचारायचीस, "काय म्हणला होता गं त्यो?" मला वाटायचं तू विसरतेस. आता कळतं, विसरत नव्हतीस.

स्कॅनर तू इथेच ठेवलास. तिकडच्या विमानतळावर कुणी विचारलं तर उत्तर देता येणार नाही म्हणून. दोन वर्षांनी परत आलीस तेव्हा आधी त्याचे सेल तपासलेस, मग माझी तब्येत.

त्या खेपेला वेंडलरनी तुला माइक देऊ केला. इथे तशी सोय आहे, परवानाधारक शेजारी बसलेला असला तर शिकाऊ माणसाला बोलता येतं, अगदी कायद्याने. माझे डोळे चमकले. बाकीचे चौघे वाट बघत होते. तू माइक हातात घेतलास, त्याचं बटण अंगठ्याने चाचपलंस, दाबलं नाहीस, आणि परत दिलास.

"त्यांना सांग, लई उपकार. पण एकदा दुसऱ्याच्या नावावर बोलले तेवढं पुरं झालं." आणि मग माझ्याकडे बघून, "तू परीक्षा दे. परवाना काढ. तुझी डिग्री हाय. मी तुझ्या शेजारी बसून ऐकते."

मी म्हणाले, थीसिस झाल्यावर. तू म्हणालीस, थीसिस कवा हुणार? मी चिडले. हा वाद आपण फोनवर अगदी शेवटच्या महिन्यापर्यंत चालवला. थीसिस अजून झालेला नाही. परीक्षेचं पुस्तक मात्र आणलंय, आणि त्यातलं स्क्वेल्चचं पान मी वाचायच्या आधी उलटलं, कारण ते मला येतं.

आता ते 'थोडंफार'. आई, शाळेच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय विचारायचे, मी लिहायची घरकाम. कॉलेजात गृहिणी. शिष्यवृत्तीच्या अर्जावर तेच. लहान होते तेव्हा भीती होती, अण्णांची नोकरी जाईल. अण्णा निवृत्त झाले, गेलेही, तरी मी तेच लिहीत राहिले. तेव्हा भीती नव्हती, नुसती सवय होती, आणि थोडी लाजही. कुठल्याच वहीत नोंद नसलेल्या कामाला काय म्हणायचं हे मला शिकून सवरून कळलं नाही. क्लबच्या श्रोता-फॉर्मवर 'बेरूफ', म्हणजे व्यवसाय, असा रकाना होता. तू विचारलंस, "काय लिवलंस?" मी म्हणाले, "बरोबर लिहिलंय." मी लिहिलं होतं 'हाउसफ्राउ', पुन्हा तेच, गृहिणी.

गेल्या शुक्रवारी वेंडलरांचा फोन आला. त्यांच्यात कुणी गेलं की रविवारच्या फेरीत सुरुवातीला त्याचं नाव आणि काम वाचतात. ते म्हणाले, "फॉर्म माझ्यासमोर आहे. यावर हाउसफ्राउ आहे. मी तेच वाचू का?"

"नाही. ती माझी चूक आहे."

"बरं," ते म्हणाले. कागद सरकल्याचा आवाज आला. "मग काय लिहू?"

"फुंकरिन. वायरलेस ऑपरेटर. नदीच्या ठाण्यावर, बारा वर्षं."

"गेनाऊ," ते म्हणाले, म्हणजे 'नेमकं'. "मी ते पेन्सिलीने आधीच लिहून ठेवलं होतं. तुमच्याकडून ऐकायचं होतं."

काल रविवार होता. मी तुझ्या खुर्चीत बसले. दहाला त्यांनी फेरी उघडली आणि वाचलं: हिराबाई, फुंकरिन, वारणा नदीवरच्या ठाण्यावर बारा वर्षं, आणि मग आमची श्रोता. त्यांनी तुझं नाव 'हीरा-बाय' असं म्हटलं. मग पाळीपाळीने एकेक जण आला. इतके दिवस त्यांनी ते नाव कार्डांवर लिहिलं होतं, तोंडाने कुणी कधी घेतलं नव्हतं. मास्तरने ते लिहून घेतल्यासारखं तोडून तोडून म्हटलं. हसरा हसला नाही. खोकल्याने आधी खोकून घेतलं. शेवटी सावकाश आला. पहिल्या वेळी त्याचं चुकलं, दुसऱ्या वेळीही. त्याने सगळ्यांना थांबायला सांगितलं, वेंडलरना पुन्हा विचारलं, आणि तिसऱ्यांदा तुझं नाव बरोबर घेतलं.